गाडी चालू आहे का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूर जिल्ह्यात 'हायब्रिड' हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधी आला, तो ज्वारीबरोबर. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण निघालं आणि पुढच्या काही वर्षांत 'हायब्रिड' म्हणजे उतारा जास्त पण भाकरीला चव नाही, हे समीकरण घराघरांत पक्कं बसलं. त्यातून आमची मालदांडी मोहोळच्या केंद्रातली, म्हणजे घरचीच. तिच्यापुढे हायब्रिडचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून २०२५ च्या गुढीपाडव्याला मी हायब्रिड मोटार घेतली तेव्हा माझी नव्वदीला टेकलेली आई एवढंच म्हणाली, "एवढे पैसे घातलेस आणि हायब्रिड घेतलीस होय रे?"

पैसे घातले हे खरं. किंमत पन्नास लाखांच्या घरात. गाडीचं नाव मी सांगणार नाही, रेडिओवरून जाहिरात नको. नवी पेठेत आमचं चादरी आणि टॉवेलचं दुकान, मी तिसऱ्या पिढीतला. आयुष्यभर मीटरमागे आठ आणे सुटतात का ते पाहिलेल्या माणसानं असली गाडी का घ्यावी, हा प्रश्न पेठेत चर्चिला गेला आणि तो रास्तच होता. उत्तर सरळ आहे. सौभाग्यवतींच्या मणक्याच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं. अडीचशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. जुन्या डिझेल गाडीत इंदापूर येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मुलगा म्हणाला, बाबा, आता हिशोब बाजूला ठेवा.

पाडव्याला गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी आत बसून बटण दाबलं. काहीच झालं नाही. समोर एक हिरवा दिवा लागला, बस्स. जमलेली मंडळी वाट पाहत उभी. कुणीतरी म्हणालं, "बॅटरी उतरली वाटतं बे." मी ब्रेकवरचा पाय हळूच काढला आणि लिंबं फुटल्याचा आवाज आला. चारीही, एकामागून एक. आजवर इतक्या गाड्यांची पूजा केली, पण लिंबू फुटताना कधी ऐकू आलं नव्हतं. इंजिन बंद होतं आणि गाडी चालली होती.

हे कसं होतं, ते आता सांगतो. मी इंजिनिअर नाही. पण माल घ्यायचा तर सूत कुठलं, वीण कशी, हे विचारल्याशिवाय मी घेत नाही. त्याच सवयीनं विचारत गेलो.

या गाडीत पेट्रोलचं इंजिन आहे आणि जोडीला दोन विजेच्या मोटारी आहेत. तिन्ही एका दातेरी चक्रांच्या संचाला जोडलेल्या असतात. मधे एक चक्र, त्याच्याभोवती फिरणारी लहान चक्रं आणि त्या सगळ्यांना वेढणारं एक मोठं कडं. सूर्य आणि ग्रह म्हणा. मधल्या सूर्याला एक मोटार, ग्रहांना इंजिन, बाहेरच्या कड्याला दुसरी मोटार आणि चाकं. कुणी किती जोर लावायचा हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. त्यामुळे क्लच नाही आणि नेहमीच्या अर्थानं गिअर टाकणंही नाही. गल्लीत हळू जाताना एकटी मोटार ओढते. वेग घ्यायचा असला की इंजिन येऊन मिळतं. उतारावर इंजिन पुन्हा झोपी जातं.

खरी गंमत ब्रेकमध्ये आहे. आपल्या जुन्या सायकलींना बाटलीसारखा डायनमो असायचा, आठवतो? तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि सायकल जड व्हायची. नेमकं तेच इथं होतं. ब्रेकवर पाय ठेवला की मोटारीचा डायनमो होतो, गाडी जड होते, म्हणजे तिचा वेग कमी होतो, आणि वीज बॅटरीत जाते. साडेसोळाशे किलोची गाडी ताशी साठ वेगानं चालली असेल तर तिच्या अंगात जी ऊर्जा असते तिच्यावर घरातला पंखा पाऊण तासाहून थोडा जास्त चालेल. साध्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. इथं तिचा बराचसा भाग परत मिळतो, सगळा नाही.

आणि म्हणूनच या गाडीचं गणित उलटं आहे. साधी गाडी गावात कमी देते आणि महामार्गावर जास्त. माझी नवी पेठ, पार्क चौक, सात रस्ता अशा थांबत-थांबत जाण्यात लिटरला वीस-एकवीस देते, आणि पुणे रस्त्यावर ताशी शंभरला, एसी लावून, सतरा-अठरा. एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार?

कागदावर मात्र पंचवीसच्या पुढचा आकडा आहे. तो खोटा नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर 'एआरएआय' ही संस्था आहे, तिथं गाड्यांची ही चाचणी होते. गाडी रुळांवर उभी करून वीसएक मिनिटं ठरलेल्या वेगांनी पळवतात. जास्तीत जास्त ताशी नव्वद, मध्ये पुष्कळ थांबे आणि एसी बंद. सोलापुरात मे महिन्यात एसी बंद ठेवून गाडी चालवणारा माणूस मला दाखवा, मी त्याला चादर भेट देईन.

आता व्यापाऱ्याचा हिशोब. माझं वर्षाचं चालणं पंधरा हजार किलोमीटर. याच तोलाची साधी पेट्रोल गाडी अकराचा मान देईल, ही अठरा देते असं धरू. वर्षाला साधारण पाचशे तीस लिटर वाचतात, म्हणजे लिटरला एकशे पाच रुपये धरले तर पंचावन्न हजारांच्या आसपास. पन्नास लाखांच्या मालावर ही काही बचत म्हणवत नाही. मायलेजसाठी आलिशान हायब्रिड घेतली असं कुणी सांगत असेल तर तो स्वतःला फसवतो आहे. आणखी एक जखम उघड करतो. तेव्हा हायब्रिडवर जीएसटी आणि उपकर मिळून त्रेचाळीस टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते चाळीस झाले. सहा महिने थांबलो असतो तर लाखभर वाचले असते. मुहूर्ताची किंमत, दुसरं काय!

सरकारचंही या गाडीबद्दल एक मत कधीच नव्हतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'फेम' योजनेत आलिशान हायब्रिडलासुद्धा सवलत मिळाली, आणि २०१७ च्या जीएसटीत तीच गाडी त्रेचाळीस टक्क्यांच्या खणात गेली. विजेच्या गाडीला मात्र तेव्हा बारा टक्के. तसं पाहिलं तर कल्पना जुनीच आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत १९०० च्या सुमारास पेट्रोल आणि वीज यांची जोडगाडी बनवली होती. पण ती बाजारात रुळली डिसेंबर १९९७ मध्ये, जपानमध्ये टोयोटाची 'प्रियस' आली तेव्हा. भारतात २००८ साली होंडानं 'सिव्हिक' हायब्रिड आणली. बाहेरून आयात केलेली, किंमत एकवीस लाखांच्या वर. ती फारशी खपली नाही. २०१३ पासून बंगळूरजवळच्या बिडदीला टोयोटाची 'कॅमरी' हायब्रिड जुळवली जाऊ लागली, २०१७ मध्ये 'लेक्सस' आली, आणि मग हा शब्द ज्वारीपासून सुटा झाला.

मग सरळ विजेचीच का नाही घेतली, असं तरुण मंडळी विचारतात. कारण नवी पेठ. खाली दुकान, वर घर, समोर बोळ. दिवसा गाडी दारात उभी करणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. रात्री ती दोन बोळ पलीकडे भाड्याच्या गाळ्यात असते आणि तिथं एक पिवळा दिवा सोडला तर वीज नाही. तारा कुठून ओढणार? ज्यांच्या बंगल्याला स्वतःचं फाटक आहे त्यांनी विजेची जरूर घ्यावी. माझ्या गाडीच्या बॅटरीत एक-दीड युनिट वीज मावते, विजेच्या गाडीत त्याच्या तीस-चाळीस पट. माझी नुसत्या विजेवर किलोमीटर-दीड किलोमीटर जाते आणि मग इंजिनाला उठवते. पण तिला प्लग लागत नाही.

"बॅटरी किती वर्षं टिकणार?" हा दुसरा प्रश्न, आणि ती गेली तर लाखांचा फटका ही भीती. कंपनीनं आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी दिली आहे. शिवाय संगणक ही बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवतो. अर्धपोटी माणूस जास्त जगतो म्हणतात, त्यातला प्रकार. तिचा खरा शत्रू उष्णता. आणि इथं मी स्वतः माती खाल्ली.

ही बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिला थंड ठेवायला गाडीतलीच हवा एका जाळीतून पंख्यानं ओढून घेतात. जाळी सीटच्या बाजूला, खाली, सहज नजरेत न येणारी. आता घरात चादरींचा धंदा असताना पन्नास लाखांच्या गाडीचं कातडी सीट उघडं कोण ठेवील? मी आमची उत्तमातली डबल चादर मागच्या सीटवर अंथरली, कडा नीट खाली खोचल्या. जाळी झाकली गेली. भर एप्रिलात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, मागून पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. मला वाटलं, एसीची असेल. शिवाय त्याच सीटवर मी दुकानातले टॉवेलचे गठ्ठे टाकून नेत होतो. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकनं जाळीमागची गाळणी काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर सुताच्या तंतूंचा असा थर बसला होता की थोडा ताण दिला असता तर विणता आला असता. "मालक, तिचं नाक दाबलं होतं तुम्ही," तो म्हणाला. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ही सूचना ठळक छापलेली आहे. ते पुस्तक पूजेनंतर मी कपाटात ठेवून दिलं होतं. आता चादर नाही, गठ्ठे डिकीत, आणि उन्हात उभी केलेली गाडी निघण्याआधी काचा उघडून थोडी गार करायची. माणसाला जी हवा सोसवत नाही ती तिलाही सोसवत नाही.

एवढं झालं तरी पुण्याच्या खेपा सुखाच्या झाल्या हे कबूल केलं पाहिजे. भिगवणपाशी उजनीचं पाणी दिसेपर्यंत सौभाग्यवती झोपलेल्या असतात. धक्के कमी बसतात म्हणून, आणि इंजिनाची थरथर नाही म्हणूनही. डॉक्टर म्हणाले, थरथर कमी हे पाठीला चांगलंच.

पण ज्या शांततेसाठी ही गाडी घेतली, तिनंच एका पहाटे माझे पाय लटपटवले. पुण्याला लवकर निघायचं होतं. साडेपाच झाले होते, बोळात अंधार. मी गाडी मागे घेत होतो. आमच्या शेजारी अण्णा राहतात. गिरणीत जन्म गेला, आता पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. बोळातली प्रत्येक गाडी ते आवाजावरून ओळखतात. ही बुलेट अमक्याची, ती रिक्षा तमक्याची. दुधाची पिशवी घेऊन ते येत होते. गाडी उभी आहे असं समजून तिच्या मागून सरळ ओलांडू लागले. आत टीं टीं वाजलं, पडद्यावर त्यांचं धोतर दिसलं आणि मी ब्रेकवर उभाच राहिलो. उतरून पाहतो तर अण्णा डिकीवर हात टेकून उभे. मधे वीतभर जागा.

"चालू आहे होय? मला वाटलं कुणाची तरी पाण्याची मोटर लागलीय."

त्यांचं चुकलं नव्हतं. या गाड्या हळू जाताना मुद्दाम एक बारीक घूं आवाज काढतात, पायी चालणाऱ्याला कळावं म्हणून. युरोपात तर २०२१ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला ताशी वीसच्या आत असा आवाज सक्तीचा आहे. पण तो आवाज ठरवणाऱ्यांना पाण्याच्या दिवशी पहाटे सोलापूरच्या बोळात काय काय घूं घूं करत असतं, ते कसं ठाऊक असणार! नवी पेठेत दिवसा तर तो कुणालाच ऐकू जात नाही. जिथं हॉर्नशिवाय कुणी बाजूला होत नाही, तिथं कुजबुजणारी गाडी घेऊन मी फिरतो आहे.

त्या दिवसापासून बोळात गाडी काढताना मी दोन्ही काचा खाली करतो, रेडिओ मोठा लावतो आणि मागे घ्यायची असेल तर मुलाला किंवा दुकानातल्या पोराला मागे उभं करतो. पहाटे पोरगा नसला तर स्वतः उतरून एकदा मागे बघून येतो. लोक हसतात. हसोत.

मागच्या महिन्यात अण्णांना अक्कलकोटला दर्शनाला घेऊन गेलो. मागच्या सीटवर बसले, दार लागलं, गाडी निघाली. पार्क चौकात त्यांनी विचारलं, "चालू आहे का?" म्हटलं, चालू आहे. गावाबाहेर पडताना पुन्हा, "चालू आहे ना?" वळसंगच्या अलीकडे एका उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला मी जरा दाबली, तशी ती गुरगुरली. मागून समाधानाचा आवाज आला, "हां, आता झाली चालू."