पावडरची पुडी, तुंबलेली नाली आणि हत्तीरोग

डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी स्वच्छ राहणीचा आणि नीटनेटक्या पेहरावाचा उपदेश केला. आपल्या माता-भगिनींनी तो मनापासून पाळला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आजही त्या दिवसांत दीक्षाभूमीवर जाण्यासाठी घरोघरी पांढरी वस्त्रे धुऊन वाळत पडतात. कपडे स्वच्छ होतात. पण पावडरची रिकामी पुडी कुठे जाते?

मजुरी रोजची, म्हणून खरेदीही रोजची. पाच-दहा रुपयांची पुडी आणणे हा आळस नाही, ती हातातल्या पैशाची मर्यादा आहे. मात्र एका घराने रोज एक पुडी फोडली, तर वर्षाला 365 पुड्या होतात. शंभर घरांच्या वस्तीत 36,500. अनेक पुड्यांत वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे कठीण, म्हणून भंगारवाला त्या घेत नाही. मग पुडी दोनच ठिकाणी जाते: नालीत किंवा चुलीत.

नालीत गेलेली पुडी पाणी अडवते. धुण्या-भांड्याचे पाणी तिथेच साचते, कुजते. अशा घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. हाच डास हत्तीरोग पसरवतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातील हत्तीरोगाचे जुने जिल्हे आहेत. डासामार्फत शरीरात गेलेले जंतू वर्षानुवर्षे लपून राहतात. पुढे पाय सुजतो, पुरुषांना अंडवृद्धी होते. एकदा जाडजूड झालेला पाय पूर्ववत होणे फार कठीण. रोवणीला जाणाऱ्या बाईचा किंवा हमाली करणाऱ्या माणसाचा पाय गेला की घराची मजुरी गेली.

म्हणून आरोग्य कर्मचारी मोहिमेत गोळ्या घेऊन आले की त्या त्यांच्यासमोरच घ्याव्यात. दोन वर्षांखालील बाळे, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. रात्री रक्त तपासायला आले तरी नकार देऊ नये. हे जंतू रात्रीच रक्तात दिसतात, म्हणून ती वेळ असते.

चुलीत पुडी टाकणेही तितकेच वाईट. विस्तव लवकर पेटतो, पण प्लास्टिकचा विषारी धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातो. औष्णिक वीज केंद्राचा आणि कोळसा खाणींचा धूर-धूळ चंद्रपूरकरांच्या वाट्याला आलेलीच आहे, त्यात घरचा धूर कशाला?

मग करायचे काय? एकट्या घराला मोठी पिशवी परवडत नाही, पाच घरांना परवडते. बचत गटाने किंवा विहारातील महिला मंडळाने पाच-दहा किलोची पिशवी घ्यावी आणि मापाने वाटून द्यावी. पैसे आठवड्याला जमा करावेत. वजनाच्या हिशेबाने ती बहुधा स्वस्तही पडते. दुकानात भाव ताडून पाहावा. किराणा दुकानात किंवा आठवडी बाजारात सुटी पावडर मिळत असेल, तर घरून डबा न्यावा. रोजच्या कपड्यांना साबणाची वडी वापरली तरी कचरा कमी होतो. पावडर दुप्पट टाकल्याने मळ दुप्पट निघत नाही. कपडे अर्धा तास भिजू द्यावेत.

एक सावधगिरी मात्र हवीच. सुटी पावडर खाण्याच्या डब्यात आणि पातळ साबण थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. लेकराने चुकून तोंडात घातल्यास ओकारी काढायला लावू नये; तोंड धुऊन ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

तरीही ज्या पुड्या येतील, त्या झटकून एका पोत्यात साठवाव्यात आणि घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्याव्यात. घंटागाडी येत नसेल, तर ग्रामपंचायतीकडे किंवा नगर परिषदेकडे लेखी मागणी करावी. हा सगळा भार गरिबाच्याच डोक्यावर नाही. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असल्या बहुस्तरीय पुड्या गोळा करण्याची पहिली जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची आहे. अर्जात हे जरूर लिहावे.

शेवटी त्या नालीत उतरतो कोण? बहुतेक वेळा आपल्याच किंवा आपल्यासारख्याच वस्तीतला सफाई कामगार. आपण टाकलेली पुडी त्याला हाताने उपसावी लागते. बाबासाहेबांनी ज्या माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचले, तो हाच माणूस आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे बसा, आपल्या ओळीत रोज किती पुड्या फुटतात ते मोजा आणि पहिल्या मोठ्या पिशवीची वर्गणी तिथेच ठरवा. जयभीम!