फोटो कोणी काढायचा?

दिवाळीच्या आसपास जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं काही फडावर, काही आजीजवळ, काही हंगामी वसतिगृहात. या लेकरांचे फोटो कमी निघालेले नाहीत. पाचटाची कोपी, कडेवर धाकटं भावंड, डोळे कॅमेऱ्याकडे. काढणारा मात्र दरवेळी बाहेरचा.

छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांनी 1975 पासून अमेरिकेत केंटकीच्या गरीब डोंगराळ भागात मुलांच्याच हाती कॅमेरे दिले. विषय साधे: आपण स्वतः, घरची माणसं, आणि आपली स्वप्नं. शेवटचा विषय मोठा खुबीचा. स्वप्न समोर नसतंच, ते मांडावं लागतं, आणि मग मूल दिसेल ते टिपणं सोडून ठरवायला लागतं. कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीतल्या मुलांना कॅमेरे देऊन केलेला माहितीपट ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ (2004) ऑस्करपर्यंत गेला. पण त्यात मुलांच्या आयांची धडपड झाकोळली, ही टीकाही झाली आणि ती मला रास्त वाटते. फोटो मुलांचे, गोष्ट सांगणारे पुन्हा बाहेरचेच.

जालन्यात या लेकरांना फोटो काढायला शिकवायचं तर पहिला तास फुकटात होतो. वर्गाच्या पत्र्याला बारीक भोक असतंच. त्यातून जमिनीवर पडणारा गोल कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. भोक चौकोनी असलं तरी तो गोलच. सूर्य डोक्यावर आणि पत्रा 3 मीटर उंच असेल, तर कवडसा जेमतेम 3 सेंटीमीटरचा. पांढरा कागद वर सरकवत न्या, तो लहान होत जातो. मग खिडक्या झाकून एकीला छिद्र ठेवा: बाहेरचं लिंबाचं झाड भिंतीवर उलटं उतरतं. किरण सरळ जातात, म्हणून वरचं खाली. कॅमेरा कळला.

त्यानंतर घरातला मोबाइल पुरे. भर दुपारी मराठवाड्याचं ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडतं, म्हणून फोटो सकाळी किंवा दिवस कलल्यावर. अभ्यास म्हणून एकच द्यावा: फडावरच्या आईला पाठवायचा फोटो. शेळीला झालेलं करडू, सारवलेली ओसरी, पडलेला दात. यातलं काय पाठवायचं, हे बाहेरच्याला सांगता येणार नाही.

आणि एक कायद्याची गोष्ट, जी शिबिरं भरवणारे सहसा सांगत नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. वयाची अट नाही. संस्थेच्या अहवालात तो छापायचा तर आधी मुलाला आणि घरच्यांना विचारावं, आणि त्यांची हरकत नसेल तर खाली त्याचं नाव घालावं.