जुन्या खुर्चीला नवा रंग, नवे कापड

जुन्या लाकडी खुर्च्यांमध्ये रंगाने आणि कापडाने सर्वांत सहज पालटते ती जेवणाच्या टेबलाची बिनहाताची खुर्ची. तिची बैठक म्हणजे प्लायवूडची एक सुटी फळी असते. फळीवर फोम आणि कापड चढवलेले असते आणि खालून तीन-चार स्क्रू काढले की ती वेगळी होते. उरतो नुसता लाकडी सांगाडा. त्यामुळे रंगाचे काम एका जागी आणि कापडाचे दुसऱ्या जागी करता येते. बैठक आणि पाठ सांगाड्यालाच ठोकलेली, आत स्प्रिंग भरलेली खुर्ची मात्र सोफ्याचे काम करणाऱ्या कारागिराकडेच द्यावी. ती उघडणे सोपे, पुन्हा बांधणे फार अवघड.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार, ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकाने अशा ठिकाणी या खुर्च्या नेहमी दिसतात. भाव विचारण्याआधी खुर्ची उलटी करून पाहावी. वरच्या बाजूला पॉलिशचे थर असतात. लाकूड खरे कोणते ते बैठकीखालच्या कोऱ्या भागात कळते. साग सोनेरी-तपकिरी आणि हाताला किंचित तेलकट लागतो. शिसवी काळपट जांभळट आणि चांगलीच जड असते. अशा लाकडाची सुबक रेष दिसत असेल तर त्यावर रंग चढवू नये. जुने पॉलिश उतरवून नवे करणे आणि बैठकीचे कापड बदलणे एवढेच अशा खुर्चीला पुरते. हलक्या प्रतीचे, वेगवेगळ्या जातींचे तुकडे जोडून गडद पॉलिशखाली झाकलेली खुर्ची रंगासाठी उत्तम. तिच्यात रंगाने झाकले जाण्यासारखे काही नसते, मिळवण्यासारखे पुष्कळ असते.

इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांबाबत तर अधिकच जपावे. हा घाट मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने 1859 मध्ये बाजारात आणलेल्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीपासून रूढ झाला. बीच लाकडाच्या कांबी वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवत. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात खुर्ची उभी राहत असे. सुटे भाग एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्यांचे मावत. बैठकीच्या कड्याखाली जुन्या कारखान्याचा छाप किंवा कागदी चिठ्ठी सापडली, तर खुर्चीवर ब्रश फिरवण्याआधी जाणकाराला दाखवावे.

पुढची तपासणी किडीची. लाकडाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोके असतील आणि खुर्ची आपटल्यावर त्यांतून पिठासारखी पूड पडत असेल, तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या असू शकतात. या किडीला बाहेरच्या फिकट लाकडातला पिष्टमय अंश लागतो. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला ती सहसा शिवत नाही. खुर्ची काळ्या कागदावर काही दिवस ठेवली की नवी पूड पडते का ते समजते. पडत असेल तर लाकडासाठीचे कीडनाशक सिरिंजने भोकाभोकांत सोडावे आणि पूड पूर्ण थांबेपर्यंत ती खुर्ची घरातल्या इतर फर्निचरपासून दूर ठेवावी.

खुर्ची डुगडुगत असेल तर रंगाचा विचार बाजूला ठेवावा. बसणारा माणूस मागे रेलला की सगळा भार मागचे पाय आणि बैठकीची चौकट यांच्या सांध्यावर येतो, आणि तो सांधा हलत राहिला तर नव्या रंगाला पहिली चीर तिथेच पडते. सैल सांध्यावर खिळा ठोकण्याची सवय सर्वत्र आहे, पण ती वाईट. खिळा कूस, म्हणजे भोकात शिरणारे लाकडाचे टोक, फाडतो आणि पुढची दुरुस्ती अशक्य करून ठेवतो. योग्य रीत म्हणजे सैल झालेले सांधे खुणा करून हलक्या हाताने सोडवायचे, भोकातला आणि कुशीवरचा जुना डिंक खरवडून लाकूड उघडे करायचे आणि मग नवा लावायचा. जुन्या खुर्च्यांत बहुधा सरस असतो. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा चिकट पदार्थ कोमट पाण्याने मऊ होतो, म्हणून पूर्वीच्या सुतारांनी जोडलेली खुर्ची न मोडता उघडता येते. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक लाकडाच्या रंध्रांत शिरून धरतो. जुन्या डिंकाच्या थरावर तो नीट धरत नाही. कूस झिजून बारीक झाली असेल तर तिच्यावर लाकडाची पातळ चकती चिकटवून ती पुन्हा घट्ट करावी.

सांधा जोडल्यावर तो दाबून धरावा लागतो. शिकंजा नसला तर चारही पायांभोवती सुती दोरी गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ द्यावा. दोरी कसण्याआधी खुर्ची सपाट फरशीवर चारही पायांवर टेकते ना, हे पाहणे महत्त्वाचे. वाकडी सुकलेली खुर्ची कायमची लंगडी होते. डिंक एक पूर्ण दिवस सुकू द्यावा. चौकटीच्या कोपऱ्यांतले त्रिकोणी ठोकळे निखळले असतील तर तेही याच वेळी स्क्रूने बसवावेत.

आता पृष्ठभाग. जुने पॉलिश कोणते हे ओळखायला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एका आडबाजूला घासावा. थर चिकट होऊन बोळ्यावर उतरला तर ते चपडीचे म्हणजे लाखेचे पॉलिश. स्पिरिटने ते बरेचसे काढता येते. स्पिरिटला दाद न देता थिनरला विरघळले तर लॅकर. जुना ऑइलपेंट असेल तर एक धोका ध्यानात घ्यावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये आले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, तोंडावर चांगला मास्क असावा, मुले आणि गरोदर स्त्रिया जवळपास नसाव्यात आणि निघालेला गाळ फडक्याने टिपून फेकावा.

पॉलिश पेपर आधी 120 नंबरचा, मग 180 आणि शेवटी 220 असा वापरावा, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच फिरावा; आडवे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. लाकूड कोरे करण्याची गरज नाही. जुना थर घट्ट असेल तर त्याची चकाकी घालवणे पुरेसे. खड्डे आणि खिळ्यांची भोके लांबीने भरावीत. ती सुकल्यावर थोडी आकसते, म्हणून किंचित उंच भरून मग घासून समपातळीत आणतात. साग असेल तर प्रायमरआधी तो थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा, कारण सागातले नैसर्गिक तेल रंगाला धरू देत नाही. काही लाकडांतले तपकिरी द्रव्य पांढऱ्या रंगातून पिवळट डाग बनून वर येते; फिकट रंग द्यायचा असेल तर प्रायमरआधी चपडीचा एक पातळ हात दिल्याने ते आतच अडते.

एनॅमल टिकाऊ, पण त्याला वास येतो आणि दोन हातांमध्ये रात्रभर थांबावे लागते. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग तीन-चार तासांत दुसरा हात घेतो आणि कालांतराने पिवळाही पडत नाही. घरात काम करणाऱ्यांसाठी तोच बरा. अ‍ॅनी स्लोन या ब्रिटिश चित्रकर्तीने 1990 मध्ये तयार केलेला खडूसारखा मॅट दिसणारा रंग अलीकडे लोकप्रिय आहे, पण त्याला वरून मेणाचे संरक्षण लागते आणि रोजच्या जेवणाच्या खुर्चीवर ते मेण पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

खुर्ची आधी उलटी ठेवून पाय आणि खालच्या पट्ट्या रंगवाव्यात, मग सरळ करून पाठ. प्रत्येक पायाच्या तळाशी एक स्क्रू अर्धवट बसवला तर ती जमिनीपासून उचललेली राहते आणि पाय कागदाला चिकटत नाहीत. जाड एका हातापेक्षा पातळ दोन-तीन हात केव्हाही चांगले. गोल पायांवर ओघळ येतात, म्हणून रंग लावल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा एकदा नजर फिरवावी. पावसाळ्यात हे काम टाळावे: दमट हवेत एनॅमल दिवसचे दिवस चिकट राहतो, आणि लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ महाराष्ट्रात या कामाला सर्वांत सोयीचा. हाताला कोरडा लागलेला रंगही पूर्ण टणक व्हायला आठवडाभर घेतो. जवसाच्या तेलाचे पॉलिश वापरले असेल तर त्याची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नयेत. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. मोकळ्या जागी पसरून वाळवावीत.

रंग टणक होईपर्यंत बैठक करून होते. जुने कापड फाडू नये. स्टेपल उपसून अखंड काढावे, तेच नव्या कापडाचे माप. फळी फुगली किंवा चिरली असेल तर 12 मिलिमीटर प्लायवूडची नवी कापावी आणि कडेने दोन-तीन मिलिमीटर फट सोडावी, नाहीतर रंग आणि कापडाची जाडी वाढल्यावर ती चौकटीत शिरत नाही. फोम 40 डेन्सिटीचा, दोन इंच जाड असावा. याहून जाड फोम दिसायला आकर्षक, पण बैठक उंच होऊन गुडघे टेबलाला लागतात. जेवणाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटरच हवी.

कापडाची निवड हौसेची खरी, पण तिलाही मर्यादा आहेत. साडीचे कापड बसण्याच्या घर्षणाला टिकत नाही. खणाच्या नक्षीचा मोह होतो. पण खण पातळ आणि लहान पन्ह्याचा असल्याने मागे जाड मांजरपाट जोडून, कमी वापराच्या खुर्चीलाच लावावा. सोलापुरी चादर मात्र या कामाला फार चांगली. जाड सुती वीण, भूमितीय नक्षी, आणि ताणली तरी आकार न सोडणारी. नवे सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे. साधारण 45 सेंटिमीटरच्या चौरस बैठकीला दोन्ही बाजूंनी फोमची जाडी आणि पाच-पाच सेंटिमीटर मुडपण धरून 65 सेंटिमीटरचा चौकोन लागतो. 137 सेंटिमीटर पन्ह्यात दोन चौकोन बसतात, म्हणजे सहा खुर्च्यांना सुमारे दोन मीटर. मोठी नक्षी प्रत्येक बैठकीच्या मधोमध आणायची तर अधिक घ्यावे.

कापड जमिनीवर पालथे, त्यावर फोम, वर फळी. स्टेपल प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक याप्रमाणे चार मारून कापड सरळ आहे का ते उलटून पाहायचे, आणि मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जायचे. एका बाजूने सुरुवात करून पुढे गेले की नक्षी तिरपी होते. कोपरे शेवटी: टोक आधी आत ओढायचे, मग दोन्ही बाजूंच्या बारीक चुण्या. ताण एवढाच की फोमच्या कडा गोल दिसाव्यात, दबून बसू नयेत. स्क्रूच्या भोकांवर कापड येऊ देऊ नये. खालून काळे कापड लावले की स्टेपल झाकले जातात. बैठक जुन्याच भोकांत स्क्रूने बसवावी आणि ती सैल झाली असतील तर डिंकात बुडवलेली काडी भोकात घालून, ती सुकल्यावर स्क्रू पिळावा. पायांना रबरी बूच लावून खुर्ची टेबलापाशी न्यावी.