डबल स्टँडवरची हर्क्युलिस

माझी काळी हर्क्युलिस २८ इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची आणि वजनाने वीस किलोच्या आसपास आहे. तरी ती डबल स्टँडवर घ्यायला फार ताकद लागत नाही. डावा हात हँडलवर आणि उजवा कॅरिअरवर ठेवायचा. स्टँड क्लिपमधून सोडवून पायाने खाली दाबायचा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की सायकल मागे खेचायची. ‘खट्’ आवाज होतो आणि मागचं चाक बोटभर उचललं जातं.

हा स्टँड मागच्या एक्सलवर बसतो, त्यामुळे मागचा भार थेट दोन पायांत उतरतो. साइड स्टँड बहुधा पेडलमागच्या दोन बारीक नळ्यांना पकडतो. नट जास्त आवळला तर नळी चेपते आणि सैल राहिला तर स्टँड फिरून जुना रंग खरवडतो. शिवाय सायकल डावीकडे कललेली राहते. उतारावर तिचं तोंड चढाकडे करावं लागतं, कारण ती पुढे सरकली तर स्टँड मिटतो आणि सायकल आडवी होते.

चाक अधांतरी झालं की स्टँडच्या जोरावर घरच्या घरी बरीच कामं होतात. एका हाताने पेडल फिरवत चेनला तेल सोडता येतं. रिम ब्रेकच्या रबराला जिथे घासते तिथे आउट असतो. चाक फिरतानाच तो दिसतो आणि कोणत्या तारा आवळायच्या ते कळतं.

खुद्द स्टँडकडेही लक्ष द्यावं लागतं. जिथे तो वळतो तिथे तेलाचा थेंब हवा. क्लिप सैल झाली तर तो खड्ड्याखड्ड्याला वाजतो. एक्सलच्या नटाखाली स्टँडबरोबर मडगार्ड आणि कॅरिअरचे पायही येतात. म्हणून चाक काढताना वायसरांचा क्रम ध्यानात ठेवावा आणि बसवताना चाक फ्रेमच्या मधोमध आलंय ना, हे पाहूनच नट आवळावेत. स्टँडवरच्या सायकलवर बसू नये, कॅरिअरवर पोरंही बसवू नयेत. ओल्या मातीत स्टँडखाली फरशीचा तुकडा घालावा.

जुनी सायकल विकत घेणाऱ्याला मी सांगतो, रंग नंतर बघा. आधी ती सपाट जमिनीवर डबल स्टँडवर घ्या. एका बाजूला झुकत असेल तर स्टँडचा पाय वाकला आहे. मग रिम धरून आडवी हलवा. कटकट जाणवली तर हबचे कोन सैल आहेत. शेवटी चाक फिरवून सोडा. ते बराच वेळ फिरून आपोआप हळूहळू थांबलं, तर ती सायकल कुणीतरी मनापासून सांभाळली आहे.