गुडगुडीतील उष्ण हवा : वस्तू आणि शब्द

पदार्थविज्ञानात उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार मानले जातात : वहन, अभिसरण व प्रारण. यांपैकी ‘अभिसरण’ ही संज्ञा जाणे या अर्थाच्या ‘सृ’ धातूपासून सिद्ध झाली असून, ‘रक्ताभिसरण’ व काव्यशास्त्रातील ‘अभिसारिका’ हे तिचेच सगोत्र शब्द होत. अभिसरणात उष्णता ही हलणाऱ्या हवेबरोबर वा पाण्याबरोबर प्रवास करते. हे तत्त्व घरगुती गुडगुडीत फार पूर्वीपासून राबत आलेले आहे.

गुडगुडी म्हणजे लहान हुक्का. नारळाच्या करवंटीला दोन छिद्रे पाडून आतील खोबरे काढून टाकीत व तीत थोडे पाणी भरीत. एका छिद्रातून उभी नळी बसवीत. तिचे खालचे टोक पाण्यात बुडालेले व वरच्या टोकावर मातीची चिलीम असे. पाण्याच्या वर राहणाऱ्या दुसऱ्या छिद्रातून हवा ओढली की करवंटीतील दाब घटतो. बाहेरची हवा निखाऱ्यांमधून तापत तंबाखूत शिरते व बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यातून वर येते. त्या बुडबुड्यांचा ध्वनी हेच या वस्तूचे नाव. नुसत्या चिलमीत पाणी नसते. तिच्या घशाशी खडा व खालच्या टोकाला ‘छापी’ नावाचे ओले फडके असते.

निखारा तंबाखूवर प्रत्यक्ष ठेवला तर ती जळते. दोहोंमध्ये मातीची पातळ चकती ठेवली असता जळण्याचे प्रमाण घटून बाष्पीभवनाचे वाढते. निकोटिनचा उत्कलनबिंदू सुमारे २४७ अंश सेल्सिअस असून, कोळशाचा निखारा त्याहून कितीतरी अधिक तप्त असतो.

या वस्तूची शब्दसंपदा दख्खनच्या इतिहासाची साक्ष देते. ‘तंबाखू’चे मूळ पोर्तुगीजांनी आणलेल्या शब्दात आहे, सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली. ‘हुक्का’ मूळचा अरबी, अर्थ डबी. ‘चिलीम’ व ‘नेचा’ फार्सीतून आले. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या जालना जिल्ह्याचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता; तेथे आधी फार्सी व नंतर उर्दू ही राजभाषा असल्याने असे शब्द कचेरीतून घरापर्यंत सहज पोहोचले. ‘गुडगुडी’ मात्र ध्वन्यनुकारी आहे.

क्रियापदांचा भेद अधिक उद्बोधक आहे. हिंदी-उर्दूत हुक्का ‘पितात’. मराठीत तो ‘ओढतात’. पहिल्या प्रयोगात धूर जणू पेय ठरतो. दुसऱ्यात हवेचा ओढा, म्हणजे यंत्राचे खरे कार्य, व्यक्त होते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. पाण्यातून आलेला धूर धुतला जाऊन निर्दोष होतो, हा समज दृढ आहे. वस्तुतः पाण्याने धूर थंड होतो व म्हणून घशाला सौम्य वाटतो. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारच थोडा विरघळतो आणि जवळजवळ सगळा छातीत जातो. विद्युत्-सिगारेटच्या संदर्भात ‘वाफ’ हा शब्द असाच फसवा ठरतो. संस्कृत ‘बाष्प’पासून आलेला हा शब्द मराठी मनात भाताच्या पातेल्याची आठवण जागवितो, त्या नळीतील वाफेत मात्र बहुधा निकोटिन असते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्कागृहांवर व केंद्राने २०१९ मध्ये विद्युत्-सिगारेटवर बंदी घातली. कायदा वस्तूला आवरतो. शब्दाने निर्माण केलेला विश्वास दूर करावयाचा तर त्या शब्दाचा अर्थच उकलून दाखवावा लागतो.