बाहेरून खरपूस, आतून कच्ची!



दौंडला माझी धाकटी बहीण राहते. तिचा मुलगा अकरावीला आहे. गेल्या सुट्टीत त्याने घरीच बर्गर करायचे ठरवले. बाजारातली टिक्की आणायची नाही, कडधान्याची आपण स्वतः करायची, असा त्याचा बेत होता. घरात राजमा होता. त्याने असा विचार केला, की आई डाळवड्यांसाठी हरभऱ्याची डाळ रात्रभर भिजवते, ती कच्चीच वाटते आणि वडे तळते. मग राजम्याचेही तसेच का करू नये? त्याने राजमा भिजवला, वाटला, त्यात कांदा, मिरची, मीठ घातले आणि जाडजूड टिक्क्या तव्यावर थोड्या तेलात भाजल्या. रंग सुरेख तांबूस आला. चौघा मित्रांनी त्या पावात घालून चवीने खाल्ल्या.

दोन तासांत चौघांनाही मळमळू लागले आणि मग उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांकडे न्यावे लागले. सुदैवाने रात्रीपर्यंत सगळे सावरले. दुसऱ्या दिवशी भाच्याचा मला फोन आला. "मामा, राजमा किडका नव्हता. पाणी स्वच्छ होते. हात धुतले होते. मग चुकले कुठे?"

प्रश्न मोठा चांगला होता. मी शिरूरला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. स्वयंपाक हा काही माझा विषय नव्हे. पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर जीवशास्त्रात आहे आणि उरलेले निम्मे माझ्याच विषयात आहे. ते आज तुम्हांलाही सांगतो.

दाण्यातले संरक्षण

बी म्हणजे वनस्पतीचे लेकरू. त्याला प्राण्यांनी खाऊन टाकू नये, म्हणून वनस्पतीने काही व्यवस्था केलेली असते. राजम्याच्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे एक प्रथिन असते. लेक्टिन या वर्गातले हे प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि त्याला इजा करते. कच्चे चार-पाच दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. ब्रिटनमध्ये १९७६ साली सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांना असाच त्रास झाला होता. त्यांनी राजमा फक्त भिजवून, न शिजवता खाल्ला होता.

हरभरा आणि मूग यांत हे प्रथिन फारच थोडे असते. शिवाय डाळवडा कडकडीत तेलात पूर्ण बुडून तळला जातो. म्हणून आईची रीत डाळीला चालते; राजम्याला मात्र चालत नाही. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा हाही राजम्याचाच भाऊबंद, तेव्हा त्यालाही हाच नियम लावावा.

हे प्रथिन उष्णतेने मोडते. पाण्याला खळखळून उकळी असेल, तर दहा मिनिटांत ते निष्प्रभ होते. दाणे आतपर्यंत तापायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास उकळावे असे तज्ज्ञ सांगतात. पण येथे एक गंमत आहे, आणि ती धोक्याची आहे. राजमा नुसता ८० अंश सेल्सियसच्या आसपास तापत ठेवला, तर त्याची विषारी शक्ती कमी न होता कच्च्या दाण्याच्या पाचपटींपर्यंत वाढू शकते! म्हणून सूर्यचुलीत राजमा ठेवायचा असेल, तर आधी तो चुलीवर नीट उकळून घ्यावा.

तव्याची फसवणूक

आता माझा विषय. टिक्की तर तांबूस झाली होती, मग ती आतून कच्ची कशी राहिली?

तव्याचे तापमान दीडशे-दोनशे अंश असते. टिक्कीचा पृष्ठभाग तव्याला टेकला, की तेथले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि तो कोरडा थर शंभर अंशांच्या वर तापू लागतो. सुमारे १४० अंशांपुढे प्रथिने आणि शर्करा यांची क्रिया वेगाने होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा, शेंगदाण्याचा खमंगपणा, टिक्कीचा रंग, ही सारी त्याच क्रियेची रूपे आहेत.

पण हे झाले वरच्या पातळ थराचे. आतला लगदा ओला असतो. जोवर तेथे पाणी आहे, तोवर त्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाणार नाही. शिरूर आणि दौंड समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे-साडेपाचशे मीटर उंच आहेत. येथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते. आणि एवढेही तापमान आत गाठायला वेळ लागतो, कारण ओला लगदा उष्णतेचा मंद वाहक आहे. उष्णता अशा पदार्थातून आत शिरते, तेव्हा एक सोपा नियम लागू पडतो: जाडी दुप्पट झाली, की वेळ साधारण चौपट लागतो. एक सेंटिमीटर जाडीच्या टिक्कीला चार मिनिटे लागत असतील, तर दोन सेंटिमीटरच्या टिक्कीला सोळा. तोवर बाहेरचा थर करपून कोळसा होईल! म्हणून आपण ती आधीच उतरवतो, आणि आत नेमके ७०-८० अंशांचे, म्हणजे सर्वांत वाईट, तापमान राहते.

तेव्हा ध्यानात ठेवा, तव्याचे काम फक्त रंग आणि खमंगपणा आणण्याचे आहे. कडधान्य शिजवण्याचे काम टिक्की थापण्याच्या आधीच पुरे झाले पाहिजे.

भिजणे आणि शिजणे

दाणा भिजतो, तेव्हा तो आपल्या वजनाइतके पाणी पितो आणि जवळजवळ दुप्पट जड होतो. पण मटकी भिजवली, की त्यांत काही दाणे खड्यासारखे कडकच राहतात. त्यांना आपण कुचर दाणे म्हणतो. काही घरांत गणंग म्हणतात. त्यांच्या टरफलातून पाणी आत शिरतच नाही. ते निवडून काढा, नाही तर टिक्की खाताना दातांखाली येतील.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही तक्रार तुमच्या आजीने केली असेल. काळ्या पाषाणातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. हेच पाठ्यपुस्तकातले दुष्फेन पाणी. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट करते, मग दाणा मऊ कसा होणार? उपाय सोपा आहे. पाणी आधी उकळून गार करा, तळाला पांढरा साका बसेल, वरचे निवळ पाणी घ्या. भिजवताना पाण्यात थोडे मीठ घातले, तरी फरक पडतो. चिमूटभर सोड्यानेही दाणा मऊ होतो, पण त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणून तो टाळलेला बरा.

प्रेशर कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे दाणा लवकर शिजतो आणि विषाची शंकाही उरत नाही. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढवून शिजवण्याची ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापाँ यांनी १६७९ साली करून दाखवली होती.

टिक्की फुटते का?

टिक्की तव्यावर फुटण्याचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे जादा पाणी. हे पाणी तव्यावर वाफ होते आणि ती वाफ टिक्कीला आतून उकलते. म्हणून शिजलेले दाणे चाळणीत निथळून फडक्यावर पसरायला हवेत.

दुसरी गरज असते डिंकाची. आपला डिंक म्हणजे धान्यातला स्टार्च. स्टार्चचे कण पाण्यात ६० ते ७५ अंशांना फुगतात आणि खळ तयार होते. ही खळ गार झाली, की तिच्यातल्या लांब रेणूंच्या साखळ्या पुन्हा एकमेकींशी जुळतात आणि ती घट्ट बसते. म्हणूनच मिश्रण गार केल्यावर टिक्की नीट थापता येते. लंडनच्या ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ साली 'व्हेजबर्गर' नावाचे कोरडे मिश्रण बाजारात आणले. त्यात पाणी घालायचे, थापायचे आणि भाजायचे. आपली थालिपिठाची भाजणी आठवली ना? धान्ये आणि डाळी भाजून, दळून डब्यात भरून ठेवण्याची तीच कल्पना!

आता कृती

एक वाटी मटकी किंवा राजमा घ्या. आठ ते बारा तास भिजवा आणि ते पाणी ओतून टाका. नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. मग निथळून अर्धा तास पसरून ठेवा. दुसरीकडे अर्धी वाटी बाजरीचा भरडा दीड वाटी पाण्यात घट्ट शिजवा. निम्मे दाणे बारीक व निम्मे जाडसर ठेचा. त्यांत भरडा, बारीक चिरलेला कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाण्याचे कूट आणि मीठ घाला. मिश्रण सैल वाटले तर दोन चमचे भाजणी घाला. अर्धा तास गार होऊ द्या. एक सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या थापा, तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर प्रत्येक बाजूने चार-पाच मिनिटे भाजा, आणि खालची बाजू घट्ट झाल्यावाचून उलटू नका. पावात घाला, नाही तर सरळ भाकरीबरोबर खा.

मटकी आणि बाजरीच का, असे विचाराल. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा प्रदेश, आणि ही दोन्ही थोड्या पावसावर येणारी पिके. पण कारण तेवढेच नाही. आपले शरीर नऊ अमिनो आम्ले स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. धान्यांत त्यांपैकी लायसिन कमी असते, कडधान्यांत ते भरपूर असते. कडधान्यांत मेथिओनिन कमी पडते, ते धान्य पुरवते. मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी ही जोडी आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जुळवली. टिक्कीत आपण तीच एका घासात आणतो.

वर्गात करून पाहा

शंभर ग्रॅम मटकी भिजवा, दर तासाला फडक्याने टिपून तिचे वजन करा आणि आलेख काढा. रेषा आधी भराभर चढेल, मग सपाट होत जाईल. कोमट पाण्यात तोच प्रयोग केला तर काय होईल, ते आधी लिहून ठेवा आणि मग पाहा. दुसऱ्या प्रयोगात एक आणि दोन सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या शिक्षकांच्या देखरेखीखाली भाजून त्यांच्या मध्यभागाचे तापमान मोजा. त्यासाठी स्वयंपाकघरातला टोकदार अंकीय तापमापक वापरा. प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक अन्नात कधीही खुपसू नका.

माझ्या भाच्याने परवा पुन्हा टिक्क्या केल्या. या वेळी राजमा कुकरमध्ये शिजवलेला होता, टिक्क्याही पातळ होत्या. फोनवर तो म्हणाला, "मामा, आता कळले. मागच्या वेळी मी नुसता रंग पाहिला, आतले तापमान पाहिलेच नाही."

यापेक्षा चांगले उत्तर मलाही देता आले नसते.