गाडी नवी, पण पाणी कोणते पाजता?



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आता ट्रॅक्टरच्या शेजारी घरची चारचाकीही उभी दिसते. वाहन नवे असते, हप्ते अजून निम्मे फिटायचे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यातच इंजिन तापू लागते. आधी रेडिएटर गळतो, तो बदलावा तर वॉटर पंप जातो, मग हेड गॅस्केट. ट्रॅक्टर असेल तर ऐन हंगामात तो गॅरेजला, ऊसतोड टोळी बसून आणि तुटलेला ऊस फडात वाळत. "हल्लीच्या गाड्यांत दमच नाही, जुनी जीप बरी होती," असे मालक वैतागून म्हणतो. वैताग खरा आहे. पण गाडीला दोष देण्याआधी तिला आपण कोणते पाणी पाजले, ते पाहिले पाहिजे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्याने आपल्या भागात ऊस आणला. पण भारी काळी जमीन, पाण्याचा अपुरा निचरा आणि पाण्याचा जादा वापर यांमुळे कालव्याच्या पट्ट्यात कित्येक जमिनी क्षारपड झाल्या, तिथल्या विहिरी मचूळ झाल्या. जिराईत गावांतही अनेक बोअरचे पाणी जड असते. याचा पुरावा घरातच सापडतो. बंबाच्या आत पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, ठिबकची छिद्रे बुजतात. तेच पाणी आपण बादलीने रेडिएटरमध्ये ओततो.

पाणी तापले की त्यातला चुना आत थर धरतो. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही आणि बारीक नळ्या बुजतात. खारट पाण्यातले क्षार तर धातूच खातात. जुन्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. गळाला तर तालुक्याचा कारागीर डाग देऊन तो चालू करी. आताच्या बहुतेक गाड्यांत पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. त्या हलक्या असतात, चांगल्या थंड ठेवतात, पण क्षाराला टिकत नाहीत आणि त्यांना डागही सहजी बसत नाही. गाडी बदलली, आपली सवय मात्र जुनीच राहिली. खरी गोम इथे आहे.

यावर उपाय म्हणजे कूलंट. ते थंड मुलखातच लागते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. निम्मे कूलंट व निम्मे पाणी यांचे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाच्या दाबामुळे ते त्याहूनही उशिरा उकळते. म्हणून झाकणाचे रबर चिरले असेल तर झाकण लगेच बदला.

गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच कूलंट घ्या. ते घट्ट असेल तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी पुस्तकातल्या प्रमाणात मिसळा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. नुसता रंग पाहून दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नका. वाटेत अडचण आली आणि साधे पाणी घालावे लागले, तर घरी पोचल्यावर ते पूर्ण काढून कूलंट भरून घ्या. पातळी सारखी खाली जात असेल तर नुसती भर घालत बसू नका, गळती शोधा.

आणखी काही गोष्टी सांभाळा. पाचटाचा भुसा आणि धुरळा रेडिएटरच्या जाळीत बसतो. इंजिन गार झाल्यावर हलक्या हवेने किंवा पाण्याने जाळी साफ करा. फवारा जोराचा मारला तर पात्या वाकतात. पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, ते बघा. कोणी "थर्मोस्टॅट काढून टाकू" म्हणाला तर ऐकू नका. ठिबक आम्लाने धुतो म्हणून रेडिएटरमध्ये आम्ल मुळीच घालू नका, ॲल्युमिनियमची चाळण होईल.

काटा लाल खुणेकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका, उसळत्या पाण्याने तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

घरातल्या बायाबापड्यांनी एक ध्यानात ठेवावे. कूलंट चवीला गोडसर, पण विषारी असते. डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नका. सांडलेले कूलंट कुत्र्याने किंवा जनावराने चाटता कामा नये. जुने कूलंट ओढ्यात, कालव्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

एवढे सांभाळूनही गाडी बिघडली तर दोष बनावटीचा असू शकतो. मग मुकाट्याने खर्च सोसू नका. कूलंटच्या पावत्या आणि सर्व्हिसची नोंद जपून ठेवा, विक्रेत्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दाद मिळाली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मात्र रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी निघाले तर आपली बाजू लंगडी पडते.

कूलंटचा डबा घेताना पैसे जिवावर येतात. पण इंजिन बसले तर त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, हंगाम बुडतो आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. तेव्हा गाडी गार असताना आजच झाकण उघडून आत काय आहे ते पाहा. पाणी तांबूस किंवा गढूळ दिसले, तर या आठवड्यातच ते बदलून घ्या.